हिमानी रानात कशी चालते

गणपतीच्या आरतीनंतर जेवणाच्या रांगेत एका बाईंनी मला विचारलं, "काकू, तुमची हिमानी काय करते हो?"

"वन्यप्राण्यांच्या संबंधातलं काम करते," मी म्हटलं.

"अय्या, म्हणजे प्राणी वाचवते?"

मी काही बोलायच्या आत मागून हिमानीच म्हणाली, "नाही हो मावशी. लोकांना रानडुकरं मारायला घेऊन जाते."

त्या बाईंचा डाव श्रीखंडाच्या पातेल्यातच थांबला. घरी येताना गाडीत मी हिमानीला म्हटलं, जरा सौम्य शब्दात सांगता आलं असतं. ती म्हणाली, "आई, सौम्य शब्द कुठलाय त्याला? तू सांग, मी पाठ करते." मला सुचला नाही. अजून सुचलेला नाही.

हिमानी माझी एकुलती एक मुलगी. कऱ्हाडला मी हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवत असे, तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते. शिकारीची परंपरा वगैरे आमच्या घरात काही नाही. आमच्याकडे झुरळ मारायलासुद्धा शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. हिमानी मात्र लहानपणापासून जनावरांच्या मागे. शिरवळच्या कॉलेजातून पशुवैद्यक झाली, परीक्षितशी लग्न झालं आणि त्याच्या कंप्यूटरच्या नोकरीमुळे दोघं टेक्ससला आले. इथे तिनं पुन्हा शिक्षण घेतलं. विषय होता रानडुकरांचे रोग. त्यासाठी ती शिकाऱ्यांच्या मागे मागे फिरायची आणि मारलेल्या डुकरांच्या रक्ताचे नमुने गोळा करायची. त्यातच बर्नेट गावाबाहेरच्या मिस्टर हार्टमन यांच्या रँचवर तिचं जाणंयेणं सुरू झालं. शिकाऱ्यांना रानात घेऊन जाणाऱ्या तिथल्या जुन्या गाइडचे गुडघे गेले, तेव्हा हार्टमननी तिला विचारलं. डिग्री हातात होती, प्रयोगशाळेतली नोकरीही समोर होती. तिनं नोकरीला नाही म्हणून सांगितलं आणि रायफल घेतली.

हे मला फोनवर कळलं. त्याआधी वर्षभरच तिचे वडील गेले होते. मी तिला विचारलं, "ह्यासाठी शिकलीस?" ती म्हणाली, "ह्याच्यामुळेच शिकले म्हण."

इथली डुकरं मूळची इथली नाहीत. कधीकाळी गोऱ्यांनी आणलेली, सुटलेली, रानटी झालेली. एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं उलथून टाकतात. म्हणून खासगी जमिनीवर त्यांच्या शिकारीला बंदीचा मोसम नाही. मालकाची परवानगी आणि परवाना असला की बारा महिने चालते. पण बारा महिने एकाच पद्धतीनं चालत नाही, हे मला तिच्याकडे वेगवेगळ्या ऋतूंत येऊन राहिल्यावर समजलं.

पहिल्यांदा आले ती २००३च्या उन्हाळ्यात. डुकराला आपल्यासारखा घाम सुटत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते दिवसभर ओढ्याच्या चिखलात लोळत पडतं आणि ऊन उतरल्यावर तळ्यावर येतं. त्या दिवसांत हिमानी पैसे भरून शिकारीला आलेल्या पाहुण्यांना तळ्याकाठच्या मचाणावर बसवते. कुठल्या मचाणावर, ते वारा ठरवतो. डुकराची नजर बेताची, पण नाक असं की वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहिला की संपलं. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. संध्याकाळ होत आली होती. तिनं खिशातून पावडरची छोटी बाटली काढली, हवेत चिमूटभर उडवली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि सरळ पाहुण्यांना म्हणाली, "आज इथे नाही." दोन तासांची गाडी हाकून आलेली माणसं. त्यांना घेऊन पलीकडच्या तळ्यावर गेली. मला कुजबुजून म्हणाली, "आणि आई, तुझ्या डोक्याचं तेल इथून डॅलसपर्यंत जातंय."

शरद ऋतूत ओकची झाडं सुपारीएवढी फळं टाकायला लागतात. मग त्यांना भुलवायला टांगलेल्या फीडरच्या पिंपातून खाली पडणाऱ्या मक्याकडे डुकरं ढुंकूनही पाहत नाहीत. अशा वेळी बसून राहण्यात अर्थ नसतो. झाडांखाली उकरलेली माती पाहत, ती ओली आहे की सुकली ते चाचपत हिंडावं लागतं. वसंतात जमीन ओली असते, माग सोपा असतो. पण तेव्हा माद्यांच्या मागे पिल्लं असतात. पिल्लं असलेल्या मादीवर हिमानी पाहुण्यांना बार टाकू देत नाही. कायदा आड येत नाही, हार्टमनना तर एकूण एक डुक्कर मेलेलं हवं. त्यावरून दोघांची दर वर्षी वादावादी होते.

"ती पिल्लं मोठी होऊन माझंच शेत खाणार आहेत," हार्टमन म्हणतात.

"तेव्हा ती मारीन," ही म्हणते.

खरी शिकार हिवाळ्यातली. गारठ्यात डुकरं दिवसाढवळ्या हिंडतात, झुडपं विरळ होतात, आणि पाहुण्यांना चालत नेता येतं. शेजारच्या रँचवर कुत्री लावून शिकार करतात, तीही ह्याच दिवसांत. उन्हाळ्यात धावून धावून कुत्रीच मरायची. हिमानी कुत्री ठेवत नाही. ती चालते. पावलाची बाहेरची कड आधी टेकवायची, खाली काटकी आहे का ते तळव्याला कळू द्यायचं, मगच अंगाचा भार टाकायचा. वाळलेल्या ओकच्या पाचोळ्यावरून चालताना ती मागून आली तर मला कळत नसे. स्वयंपाकघरातसुद्धा. कितीदा दचकून माझ्या हातातलं उलथनं पडलं असेल.

"आवाज करत ये गं बाई!"

"सवय मोडते आई."

तिचे नियम कडक होते. बार टाकला की पाहुण्यांनी रायफल रिकामी करायची, जागेवर बसायचं, बोलायचं नाही. जनावर पडलेलं दिसलं तरी अर्धा तास जवळ जायचं नाही. मग ती एकटी पाठीमागून जाते आणि लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करते. पापणी हलली नाही, तर पुढचं. आणि मग ती आणखी एक गोष्ट करायची, जी तिला कोणी शिकवली नव्हती. आपल्या बाटलीतलं थोडं पाणी त्या जनावराच्या तोंडात घालायची. आमचा कुत्रा गेला तेव्हा तिच्या वडिलांनी त्याच्या तोंडात पळीभर पाणी घातलं होतं. ती तेव्हा शाळेत होती. अमेरिकन पाहुणे विचारत, हे काय? ती म्हणे, "आमच्याकडे निरोप असा देतात." काहीजण टोपी काढून उभे राहत.

२००६च्या जानेवारीत जोडून सुट्टी आली, तेव्हा ओहायोतल्या डब्लिनहून अवधूत आणि राजेश हे दोघे आले. दोघे एकाच कंपनीत, चाळिशीच्या आसपासचे. मराठी पाहुणे पहिल्यांदाच येत होते, म्हणून हिमानीनं त्यांना आदल्या संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. मी पिठलं-भाकरी केली होती.

राजेश नागपूरचा, तोंडानं तिखट. "काकू, हे पिठलं फीडरमध्ये टाका. डुकरं लाइन लावून येतील, यार, गोळीचा खर्च वाचेल."

"ह्याला रायफल देऊ नका," अवधूत म्हणाला. "हा ऑफिसात स्टेपलरनं स्वतःचं बोट पकडतो."

अवधूत राजापूरकडचा. त्याच्या गावात डुक्कर मारायला अख्खी वाडी निघते, हाका घालते, हे त्यानं रंगवून सांगितलं. मग बोलता बोलता वडिलांवर आला. मागच्या पावसाळ्यात वडील गेले. ह्याचे व्हिसाचे कागद अडकले होते, गेला असता तर परत येता आलं नसतं. "शेजारच्या बंड्यानं पाणी घातलं तोंडात," तो म्हणाला. "मी इथे ड्राइव्ह करत होतो तेव्हा." परीक्षितनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी राजेशनं एक मादी मारली. हिमानीनं नेहमीप्रमाणे काठी लावून पाहिली आणि पाणी घातलं. राजेशनं मला नंतर सांगितलं की अवधूत हे बघून म्हणाला, "ताई, मेल्यावर घालून काय उपयोग? धुगधुगी असताना घालायचं असतं."

हिमानी म्हणाली, "धुगधुगी असताना ते तुम्हाला सोडणार नाही."

विषय तिथेच संपला, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अवधूतला मोठा नर मिळाला. गोळी थोडी मागे लागली. नर धावला आणि एका ग्रॅनाइटच्या शिळेमागे कोसळला. मागचे पाय तेवढे दिसत होते, ते झाडत होता. दुसरी गोळी घालायला इथून जागा नव्हती. हिमानीनं दोघांना रायफली रिकाम्या करायला लावल्या, खाली बसवलं आणि हातानं खुणावलं: हलायचं नाही. मग ती वळसा घालून पलीकडच्या उतारावर गेली, तिथून त्याचं डोकं दिसेल म्हणून.

राजेश सांगतो, अवधूत त्या पायांकडे बघत होता. पाय हळूहळू मंदावले. पण पूर्ण थांबले नव्हते. अवधूतनं बाटली उचलली. राजेशनं त्याच्या जॅकेटला धरलं. "बस ना, काय करतोयस?" अवधूत म्हणाला, "अजून आहे रे तो. अजून आहे." आणि उठून चालू लागला. झाकण काढून, बाटली समोर धरून, देवळात जातात तसा.

हिमानी पलीकडे पोचली आणि तिनं रायफल उचलली, तर डुकराच्या मागे थेट रेषेत अवधूत. गोळी घालता येईना. ती ओरडत उतारावरून धावली. त्या आवाजानं की वासानं, डुक्कर उठलं आणि त्यानं अवधूतकडे मुसंडी मारली. हिमानीनं अवधूतला ढकललं, तो शिळेवर पडला. डुकराचा सुळा तिच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूनं चिरत गेला. ते वळलं तेव्हा तिनं बसल्या जागेवरून गोळी घातली. राजेशनं कमरेचा पट्टा काढून तिची मांडी आवळली. ज्याला आम्ही बोटात पिन घालून घेणारा म्हणून हसलो होतो, त्यानं तो पट्टा पहिल्याच दमात अचूक बांधला, असं हिमानी सांगते.

मी घरी भाजी निवडत होते. परीक्षितचा फोन आला. पुढचे काही दिवस मला क्रमानं आठवत नाहीत. पाय वाचेल का, हा एकच प्रश्न होता. जखम चिखलाची, जनावराच्या दाताची. डॉक्टरांनी दोनदा ती उघडून साफ केली. पाय वाचला. पण पाऊल वर उचलणारी नस तुटली होती. चालताना चवडा लोंबायचा, बोटं जमिनीवर घासायची. ते टाळायला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचा पट्टा बांधायचा. डॉक्टर म्हणाले, नस जोडली आहे. काही सुधारेल, पूर्ण सुधारणार नाही कदाचित.

अवधूत दवाखान्यात आला होता. दाराशीच उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. तो "काकू" एवढंच म्हणाला. हिमानीनं त्याला आत बोलावलं.

"पाठ कशी आहे? शिळेवर जोरात आपटलास."

"ताई, मी..."

"हे बघ अवधूत. मी तुझ्यासमोर पाणी घातलं. का घालते ते सांगितलं, कधी घालायचं ते नीट सांगितलं नाही. आमच्या अमेरिकन पाहुण्यांना ते सांगायची कधी गरज पडली नाही. तुला पडणार होती, हे मला घरी जेवताना तुझं बोलणं ऐकून कळायला हवं होतं."

हेच तिनं हार्टमनना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, उठू नको सांगितलं होतं, तो उठला. मीही त्यांच्याच बाजूची होते. पण त्या पलंगापाशी उभी असताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती, आणि आई म्हणून ती लपवत नाही: आता हे काम सुटेल. मुलगी जिवंत आहे, आणि काम सुटेल. मी मनातल्या मनात हात जोडले.

काम सुटलं नाही. वर्षभर ती नुसती चालत होती. आधी घरात, मग अंगणात, मग रँचच्या रस्त्यावर. मी परत कऱ्हाडला गेले आणि फोनवर विचारत राहिले. ती म्हणे, "बोटं हलायला लागली." दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं तळ्यावरच्या मचाणावर पुन्हा पाहुणे बसवले. तिथे चालणं फारसं नसतं. पण हिवाळ्याचं काय, हा प्रश्न हार्टमननी काढला. हिवाळ्यात माणसांना चालत न्यायचं, आणि एखादं जखमी जनावर झुडपात शिरलं तर त्याच्या मागे गाइडनं जायचं. तिथे पाचोळ्यावर पाय घासला, तर ते डुक्कर आधीच तोंड वळवून उभं असतं.

"चालता येतं मला," हिमानी म्हणाली.

"आवाज न करता?"

"आवाज न करता."

हार्टमन म्हणाले, "मला दाखवून उपयोग नाही. ट्रॅक्टर चालवून माझे कान गेलेत. बायको ओरडते तेवढंच ऐकू येतं, तेही माझी इच्छा असली तर." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी नुकतीच पुन्हा आले होते, २००७चा नोव्हेंबर होता. "तुझी आई ऐकेल."

हिमानी हसली. "चालेल. स्वतःच्या मुलीला शास्त्रात साठ मार्क देणारी बाई आहे ती. सांगेल ते खरंच असेल."

मला घरी आल्यावर कळलं, आपण कशाला हो म्हटलंय. ती हिवाळ्यात रानात जाऊ नये, एवढंच मी इतकी वर्षं मागत आले होते. आता ते माझ्या हाताच्या उंचीवर होतं. नुसता हात उचलायचा.

दोन दिवसांनी वारा पडलेला पाहून आम्ही गेलो. ओढ्याच्या काठी पोस्ट ओक जातीची झाडं आहेत, त्यांचा पाचोळा पापडासारखा वाळलेला. मला एका झाडाकडे तोंड करून उभं केलं. हार्टमन ट्रकपाशी थांबले. हिमानीनं प्लास्टिकचा पट्टा काढून ठेवला. त्यानं पाय ताठ राहतो, तळव्याला काही कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"डोळे मिट. माझा आवाज आला की हात वर कर. खांद्याला हात लागला तर मी पास."

मी डोळे मिटले. दूर कुठेतरी गाय ओरडली. कावळे होते. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, ती निघालीच नाही अजून. जुनी हिमानी अशीच चालायची. ते काहीच नसणं फार छान होतं.

मग मागे, डावीकडे, एक बारीक घसट. पान उलटलं असेल, खार असेल, असं म्हणता आलं असतं. मी हात खालीच ठेवला. मी काय करते आहे ते मला समजत होतं. जिनं हे काम सोडावं म्हणून नवस बोलले, तिला मी आता पुढे यायला वाट देत होते. तिनं दीड वर्ष ज्या पायाला पुन्हा चालायला शिकवलं, त्या पायाला मी कशी नाही म्हणू?

पुन्हा तोच आवाज. ह्या वेळी जवळ, आणि ती खार नव्हती. बोटं पानांवर ओढली जात होती.

झुडपात तोंड वळवून उभं असलेलं जनावर माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे आलं. मी हात वर केला.

मागे सगळं थांबलं. मी वळले तेव्हा ती एका झाडाला टेकून उभी होती, बऱ्यापैकी जवळ आलेली. चेहऱ्यावर घाम होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच पाचोळ्यात बसली आणि डाव्या पायाची बोटं दाबू लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आई, हात उशिरा वर केलास."

मी तिच्या पँटला चिकटलेली पानं काढू लागले.

"पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा नाही केलास ना?"

"दुसऱ्यांदा केला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "डुक्कर पहिल्या वेळेलाच ऐकतं गं."

थोड्या वेळानं तिनं पट्टा बांधला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि ट्रककडे गेली. तिच्या पावलाखाली पाचोळा वाजत होता. तिनं तो वाजू दिला. हार्टमनच्या कानाजवळ तोंड नेऊन, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, ती म्हणाली, "हिवाळ्यासाठी दुसरं माणूस बघा. मी त्याला रान दाखवीन."